डगला कोणाचा?

प्रस्तावना लिहून द्या म्हणून या पुस्तिकेचा लेखक तीन वेळा अंबाजोगाईला घरी येऊन गेला. माझा जुना विद्यार्थी. तिसऱ्या खेपेला चहा संपता संपता म्हणाला, "सर, तुमचं नाव असलं की लोक विश्वास ठेवतील." त्या वाक्यापाशी मी अडलो. पुस्तिकेचा विषय काय, तर जुने लष्करी पोशाख खरे की बनावट हे कसं पारखायचं. तिचं मुख्य म्हणणं काय, तर विकणाऱ्याच्या आणि सांगणाऱ्याच्या नावावर जाऊ नका. आणि ती खपवायची कोणाच्या नावावर? एका निवृत्त इतिहास-मास्तराच्या! हे मी बोलून दाखवलं तेव्हा तो जराही ओशाळला नाही. "मग हेच प्रस्तावनेत लिहा ना सर," म्हणाला. तेच लिहितो आहे.

प्रस्तावना हीसुद्धा एक पावतीच असते. पुस्तक वाचण्याआधी वाचक प्रस्तावना कोणाची आहे ते बघतो आणि त्याचं अर्धं मत तिथेच ठरतं. जुन्या डगल्याचंही नेमकं असंच होतं. समोर लोकरीचा जीर्ण डगला पडलेला असतो. त्याची शिवण बघायच्या आधी आपण विचारतो, कोणाच्या घरातून निघाला? कोणी आणला? कोणी पाहिला? उत्तरं चांगली मिळाली की शिवण आपोआप चांगली दिसू लागते. हा दोष नवख्याचाच असतो असं नाही. चाळीस वर्षं या नादात घालवलेल्या माणसांमध्ये तो जास्त दिसतो. त्यांचा स्वतःच्या नजरेवर फार विश्वास असतो, आणि ती नजर आधी कुठे वळली होती हे ते विसरतात.

बीड जिल्ह्यात हा नाद आला कुठून, असं पुण्या-मुंबईचा वाचक विचारील. निजामाच्या काळात अंबाजोगाईचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाची छावणी होती. १८५३ च्या तहानंतर कंटिन्जंटचा खर्च वऱ्हाडच्या उत्पन्नातून भागवला जाई. घोडदळाची चार पथकं, पायदळाच्या सहा पलटणी, तोफखान्याच्या चार बॅटऱ्या. आणि त्यांच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद अशा विखुरलेल्या. १९०३ मध्ये कंटिन्जंट मोडून तिची पथकं हिंदुस्थानी फौजेत मिसळली गेली. घोडदळातून विसावी डेक्कन हॉर्स, एकोणतिसावी लान्सर्स आणि तिसावी लान्सर्स ही नावं पुढे आली. पायदळाच्या पलटणी १९२२ मध्ये हैदराबाद रेजिमेंट झाल्या आणि १९४५ मध्ये त्याच रेजिमेंटचं नाव कुमाऊं झालं. आज कुमाऊं म्हटलं की रानीखेत आठवतं. तिच्या मुळाशी आपल्याकडच्या छावण्या आहेत हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं.

छावणी गेली, पण कपडे मागे राहिले. किंवा राहिले असं आपण मानतो. या एका 'किंवा'साठी लेखकाने ही पुस्तिका लिहिली आहे.

आमच्या भागात जुन्या वस्तूला नाव चिकटायला वेळ लागत नाही. गेवराई तालुक्यात कोणाच्या माळ्यावर गंजकी तलवार सापडली की ती राक्षसभुवनच्या लढाईची ठरते, कारण १० ऑगस्ट १७६३ ला तिथे माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. आष्टीकडे सापडली तर ती खर्ड्याची, सन १७९५ ची. खाकी डगला सापडला तर तो रझाकाराचा. रझाकारांचे कपडे कधीच धड एकसारखे नव्हते, त्यामुळे कोणताही जुना खाकी कपडा 'रझाकाराचा' म्हणून खपतो आणि तो तसा नाही हे सिद्ध करणं महाकठीण. पुस्तिकेत रझाकारांवर लेखकाने एकच पान दिलं आहे आणि त्या पानावर बहुतेक सगळे इशारेच आहेत. बरोबर केलं.

गडद हिरव्या डगल्याचं मात्र तसं नाही. कंटिन्जंटच्या घोडदळाचा रंग गडद हिरवा, त्याला पांढऱ्या कापडाची कड. हा रंग पुढेही डेक्कन हॉर्सच्या समारंभी पोशाखात टिकला. त्यामुळे हिरवा डगला निघाला की गावात गोष्ट तयार होते: पणजोबा फ्रान्सला गेले होते, हा घालून लढले. डेक्कन हॉर्स फ्रान्सला गेली होती हे खरं आहे. १४ जुलै १९१६ ला सोमच्या लढाईत हाय वुडजवळ तिने भाले रोखून धाव घेतली होती. शीख, जाट आणि दखनी मुसलमान अशा तिच्या तुकड्या होत्या, तेव्हा आपल्याकडचा एखादा पणजोबा तिच्यात असणं अगदी शक्य. पण फ्रान्सच्या चिखलात पलटण खाकीत होती. हिरवा डगला शांततेच्या काळातल्या समारंभाचा. म्हणजे डगला खरा असू शकतो, पणजोबाही खरे असू शकतात, आणि दोघांना जोडणारी गोष्ट तेवढी खोटी. बाजारात भाव मात्र त्या जोडणाऱ्या गोष्टीलाच येतो.

असंच हायफाचं. २३ सप्टेंबर १९१८ ला जोधपूर आणि म्हैसूरच्या लान्सर्सनी ते शहर घेतलं. हैदराबादचे लान्सर्स त्याच ब्रिगेडमध्ये होते, दिल्लीच्या तीन मूर्तींमध्ये एक मूर्ती त्यांचीही आहे. पण हायफाच्या धावेत ते नव्हते. तरी हैदराबाद लान्सर्सचा म्हणून जो डगला विकायला येतो तो हायफाचाच असतो. प्रसिद्धी अशी शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटली जाते.

आता माझी फजिती सांगतो, कारण लेखकाने ती पुस्तिकेत नाव न घेता टाकली आहे आणि ओळखणारे ओळखतीलच. पुण्याच्या जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरतो त्या, मी एक गडद हिरवा डगला घेतला. सोनेरी गोंडे, पितळी बटणं, उभी कॉलर. ज्याच्याकडून घेतला तो भला माणूस, बाजारात पत असलेला. त्याने स्वतः काहीच दावा केला नाही. एवढंच म्हणाला की अमुक एका वाड्यातून आला आहे. शेजारी उभ्या असलेल्या एका वडीलधाऱ्या संग्राहकांनी हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाले, "डेक्कन हॉर्स. अधिकाऱ्याचा." झालं. त्यानंतर मी डगला पाहिलाच नाही. म्हणजे डोळ्यांनी पाहिला, पण मला दिसत होते ते वाडा आणि ते संग्राहक.

दोन वर्षांनी कॉलर उसवली. आत ताठपणासाठी घातलेला पुठ्ठा बाहेर डोकावत होता. ओढून काढला तर ती लग्नपत्रिका निघाली, अर्धी कापलेली. वधूवरांची नावं कातरीत गेली होती, पण खाली गावाच्या नावापुढे सहा आकडी पिनकोड शाबूत होता. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. डगला बँडवाल्याचा होता. लग्नाच्या वरातीत 'बहारों फूल बरसाओ' वाजवणाऱ्या पार्टीचा. मी तो टाकून दिला नाही. भिंतीवर लावला आहे, पत्रिकेसकट.

त्या दिवसापासून एक गोष्ट पक्की कळली. बनावट वस्तू नेहमी फसवायलाच केलेली असते असं नाही. बँडवाल्याने ती वाजवण्यासाठी शिवून घेतली होती. नाटककंपन्यांच्या ड्रेपरीतले पोशाख नाटकासाठी शिवले होते. फसवणूक नंतर होते, हात बदलताना, आणि बऱ्याचदा कोणीही खोटं न बोलता. वाड्यातून आला, हे खरं असू शकतं. वाड्यात कधीतरी बँडवाला राहत असेल. संग्राहकांनी जे सांगितलं ते त्यांना खरंच वाटत होतं. मी विश्वास ठेवला. तिघांचाही हेतू साफ होता, तरी निष्पन्न काय झालं तर वरातीचा डगला अधिकाऱ्याचा झाला.

मोठ्या प्रमाणावर हेच बघायचं असेल तर साताऱ्याच्या वाघनखांकडे पाहा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांसाठी आपल्याकडे आली आणि १९ जुलै २०२४ ला साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात लोकांसमोर ठेवली गेली. त्यांची सगळी पूर्वपीठिका एका डबीवरच्या मजकुरावर उभी आहे. मजकूर सांगतो की शिवाजीने मोगल सेनापतीला ज्याने मारलं ते हे, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ते साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याला दिलं. ग्रँट डफ १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याला होता, मराठ्यांचा इतिहास त्याने १८२६ मध्ये छापला, त्याच्या वंशजांकडून वस्तू संग्रहालयात गेली. इथपर्यंतची साखळी चांगली आहे. पण त्याआधीचं काय? अफजलखान मोगलांचा नव्हता, विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. पाचवीतलं पोर सांगेल. म्हणजे डबीवर लिहिणाऱ्याला मूळ घटनेची नीट माहिती नव्हती. संग्रहालयानेही स्वतः म्हटलं आहे की ही तीच वाघनखं आहेत याची खात्री करता आलेली नाही. कोल्हापूरचे इतिहास अभ्यासक इंद्रजित सावंत यांनी हे लावून धरलं तेव्हा वाद पेटला. साताऱ्याला रांगा मात्र लागल्याच. मला त्या रांगांचा राग नाही. लोक महाराजांसाठी गेले होते. राग येतो तो या गोष्टीचा की 'खात्री नाही' हे दोन शब्द आपल्याला सहन होत नाहीत. आपल्याला एकतर अस्सल पाहिजे, नाहीतर बनावट. मधल्या रकान्याला आपल्याकडे जागाच नाही.

याच्या शेजारी रघुजी भोसल्यांची तलवार ठेवून पाहावी. २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने ती ४७ लाख १५ हजार रुपयांना घेतली आणि त्या ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्या पात्यावर देवनागरीत सेनासाहेब सुभा रघोजी भोसले यांचं नाव सोन्याने कोरलेलं आहे. इथे नाव सोबतच्या कागदावर नाही, वस्तूच्या अंगावर आहे. म्हणून शंका संपते का? नाही. नाव कधी कोरलं हा प्रश्न उरतोच. पण त्या प्रश्नाचं उत्तर पातं स्वतः देऊ शकतं. अक्षरांचं वळण आहे, सोन्याचं काम आहे, झीज आहे. डबीवरच्या मजकुराने दिलं नाही ते पातं देईल.

हा फरक आपल्या जुन्या लोकांना चांगला ठाऊक होता. वतनाच्या भांडणात खोटे महजर पुढे येत, म्हणून शिवकाळापासून पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' असा शिक्का उमटवत, म्हणजे त्याखाली कोणी ओळ घुसडू नये. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातल्या राजवाड्यांच्या परंपरेने कागद, शाई, वळण, तिथीचा मेळ अशा कसोट्या लावून कागदपत्रं पारखली. खानदानी घरातून आलेला कागदही त्यांनी सोडला नाही, कारण खोटा कागद करण्याची सोय आणि गरज खानदानी घरांनाच जास्त. कापडाच्या बाबतीत मात्र तसली परंपरा आपल्याकडे उभी राहिली नाही. कापड विरतं, कुजतं, आणि त्यात वाचण्यासारखं काही असतं हेच आपण मानत नाही.

खरं तर पुष्कळ असतं. पुस्तिकेचा मधला मोठा भाग यावरच आहे आणि तो मी दोनदा वाचला. बटणाच्या मागे कारखान्याचं नाव आणि पत्ता असतो. फर्मिन किंवा गाँट अशा विलायती कारखान्यांचे पत्ते बदलत गेले, त्यावरून साल सापडतं. मुकुटाचा आकार पाहावा. व्हिक्टोरियाचा मुकुट वेगळा, १९०१ नंतरचा वेगळा. २६ जानेवारी १९५० पासून मुकुट गेला आणि अशोकस्तंभाचे सिंह आले. अधिकाऱ्याच्या डगल्यात आतल्या खिशात शिंप्याची पट्टी असते, रँकेनसारख्या लष्करी शिंप्यांची, तिच्यावर शाईने गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख. दुसऱ्या महायुद्धाचे स्टार ब्रिटिश सैनिकांना नाव न कोरता दिले गेले, हिंदी सैनिकांना मात्र नाव कोरून. म्हणून आपल्याकडच्या घरात कोऱ्या पाठीचा स्टार निघाला तर आधी विचारावं की हा बाजारातून आणून तर लावला नाही ना.

नवखा संग्राहक जिथे हमखास फसतो ती बाण शिक्क्याची जागा. सरकारी मालावर बाणाची खूण असायची हे तो कुठेतरी वाचतो, आणि ती दिसली नाही की डगला खोटा म्हणून मोकळा होतो. कंटिन्जंटचं घोडदळ शिलेदारी पद्धतीचं होतं. शिलेदार हा शब्दच आपला, घोडा आणि सरंजाम स्वतःचा आणणारा तो शिलेदार. इंग्रजांनी तीच पद्धत उचलली. स्वार भरती होताना रक्कम भरी, तिला असामी म्हणत. घोडा, खोगीर, कपडे पलटणीच्या फंडातून त्याच्या पैशाने होत. सरकारी कोठारातून न आलेल्या डगल्यावर सरकारी शिक्का येणार कुठून? म्हणजे जी खूण नाही म्हणून डगला नाकारला जातो, तिचं नसणंच इथे स्वाभाविक आहे.

आता दिव्याबद्दल. दुकानदार नोटा तपासायला जांभळ्या उजेडाची बॅटरी वापरतात, तीच संग्राहकही वापरतात. जुना सुती धागा तिच्याखाली मंद राहतो. हल्लीच्या कापडात आणि धाग्यात घातलेली चमक देणारी रसायनं निळसर पांढरी पेटून उठतात. ही कसोटी किती जबर आहे ते १९८३ मध्ये जगाने पाहिलं. 'श्टेर्न' या जर्मन साप्ताहिकाने हिटलरच्या साठ डायऱ्या सापडल्याचा गाजावाजा केला. ९३ लाख मार्क मोजले होते. मोठमोठ्या इतिहासकारांनी मान डोलावली, अक्षरतज्ज्ञांनी अस्सल म्हटलं. पण अक्षर ताडून बघायला तज्ज्ञांना जे नमुने दिले त्यांतलेही काही त्याच बनावट करणाऱ्याने, कुजाऊने, लिहिलेले होते! खोट्याची साक्ष खोट्याने दिली. शेवटी जर्मन सरकारी अभिलेखागाराने दिव्याखाली कागद धरला तेव्हा युद्धानंतर वापरात आलेली चमक त्यात दिसली, आणि बांधणीच्या धाग्यात पॉलिएस्टर निघालं. हा कुजाऊ मुळात लष्करी वस्तूंचा व्यापारी होता. त्याची एक युक्ती आपल्या विषयाला फार जवळची आहे. पहिल्या महायुद्धातलं खरं शिरस्त्राण तो घ्यायचा, त्याला काही करायचा नाही, फक्त ते हिटलरने घातलं होतं असा खोटा दाखला सोबत जोडायचा. वस्तू सोळा आणे अस्सल, दाखला बनावट. कोणताही दिवा त्या शिरस्त्राणावर काही दाखवणार नाही.

पण दिवाही भोळा आहे. आमच्या एका परिचितांकडे आजोबांचा डगला होता, घरातला, हात न बदललेला. दिव्याखाली धरला तर ट्यूबलाइटसारखा उजळला. सगळे हबकले. मग सूनबाईंनी सांगितलं, दिवाळीच्या आवराआवरीत मी दरवर्षी निरमाने धुते. निरमा आलं १९६९ मध्ये, त्याआधी १९५९ पासून सर्फ होतं, आणि चमक देणारी रसायनं या पावडरींतूनही कापडात उतरतात. म्हणजे शास्त्रीय कसोटीचा निकाल लावायलाही घरातली गोष्ट लागतेच: कधी धुतला, कशाने, कोणी. कापड आणि कहाणी यांची इतकी स्वच्छ फारकत करता येत नाही, आणि लेखकाच्या मताशी माझा मतभेद इथे आहे. तो तोंडी साक्षीला शून्य गुण देतो. तिला शून्य देऊन चालणार नाही. ती कशी घ्यावी हे शिकावं लागेल.

याचं उदाहरण त्याच्याच पाहणीतलं. केज तालुक्यात एका घरी आजींकडे एक गोधडी आहे. तिच्या पोटात गडद हिरव्या लोकरीचा वीतभर तुकडा, एका कडेला पांढऱ्या बनातीची पट्टी आणि दोन काजं. लेखक पहिल्यांदा गेला तेव्हा त्याने वहीत लिहून घेतलं, "माझ्या सासऱ्याच्या बापाचा डगला व्हता. फाटला म्हून सासूनं गोधडीत घातला." बस, एवढंच. पुढच्या वर्षभरात दोघे संग्राहक तिथे जाऊन आले. दोघांनीही विचारलं, "फ्रान्सच्या लढाईतला का?" लेखक दुसऱ्यांदा गेला तेव्हा आजी म्हणाल्या, "फ्रान्सच्या लढाईतला हाय, बाळा." त्यांनी खोटं सांगितलं नाही. चांगल्या कपड्यातली शहरी माणसं जे परत परत म्हणतात ते खरंच असणार, असं त्यांनी धरलं. गोष्ट विकणाऱ्याने वाढवली असं आपण नेहमी म्हणतो. इथे ती घेणाऱ्याने वाढवली. संग्राहकाचं नाव मोठं असेल तेवढी ती लवकर वाढते.

पहिल्या वाक्याला मात्र मी पुष्कळ किंमत देतो. त्यात ना लढाई आहे, ना पदक, ना साहेब. डगला फाटला आणि गोधडीत गेला, हे कोणी बढाई म्हणून सांगत नाही. शिवाय आपल्याकडे लोकरी कपड्याचं खरोखर हेच होतं. अधिकाऱ्याचा डगला पेटीत डांबराच्या गोळ्यांत राहतो. स्वाराचा डगला अंगावर फाटतो, मग गोधडीत जातो किंवा बोहारणीला पातेल्याच्या बदल्यात दिला जातो. बोहारणीने नेला की माग संपला. ट्रॅफल्गरला इंग्रज आरमाराचा सेनापती नेल्सन याच्या खांद्यात गोळी शिरली तो कोट आज ग्रीनिचला आहे, भोकासकट, आणि तो कोणाकडून कोणाकडे गेला याची १८४५ मध्ये प्रिन्स अल्बर्टने विकत घेईपर्यंतची साखळी सांगता येते. नेल्सनच्या जहाजावरच्या खलाशांच्या कपड्यांची अशी साखळी कोण ठेवणार? पूर्वपीठिका मागणं रास्त आहे, पण ती मागताना हे ध्यानात असावं की कागद सांभाळायला पेटी लागते, आणि पेटी सगळ्यांच्या घरी नव्हती. फक्त कागदावर निकाल देणारा संग्राहक नकळत साहेबांचाच इतिहास गोळा करत जातो.

कापडाला आपण पिढ्यान्‌पिढ्या जपू शकतो याचा पुरावाही अंबाजोगाईतच आहे. दासोपंतांची पासोडी, सोळाव्या-सतराव्या शतकातली, सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर लिहिलेला ग्रंथ. ती टिकली कारण तिच्याभोवती एक परंपरा होती, तिला हात लावणारे कोण हे ठरलेलं होतं. स्वाराच्या डगल्याला देवघर मिळालं नाही.

कायद्याचं एक वाक्य लेखकाने शेवटी टाकलं आहे, ते इथेही सांगून ठेवतो. जुना गणवेश बाळगणं वेगळं आणि चालू गणवेश घालून मिरवणं वेगळं. सैनिक नसताना सैनिक भासावं म्हणून तसला पोशाख घालणं भारतीय न्याय संहितेत गुन्हा आहे. १५ जानेवारी २०२२ ला सैन्यदिनी दाखवलेला नव्या नक्षीचा लढाऊ गणवेश तर खुल्या बाजारात विकायलाही मनाई आहे. तेव्हा कोणी 'नवीन पॅटर्न, ओरिजनल' म्हणून देऊ केला तर तो ओरिजनल असो वा डुप्लिकेट, हात जोडून निघून यावं.

पुस्तिकेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तिच्यातल्या यादीचे रकाने. अस्सल, बनावट, आणि या दोहोंमध्ये 'शक्य'. प्रत्येक नोंदीपुढे कापडाने काय सांगितलं ते आधी, कागदाने काय सांगितलं ते नंतर, आणि माणसांनी काय सांगितलं ते शेवटी, कोणी आणि कोणत्या तारखेला सांगितलं यासह. क्रम महत्त्वाचा आहे. डगला आधी झाकून ठेवायचा आणि गोष्ट ऐकायची, असं आपण करत आलो. लेखक गोष्ट झाकून ठेवतो. माझा बँडवाल्याचा डगला 'बनावट'मध्ये आहे, आणि तिथे 'अधिकाऱ्याचा म्हणून दोन वर्षं मिरवला' असा शेराही आहे, तो मी काढायला सांगितला नाही. केजची गोधडी 'शक्य'मध्ये आहे. ती विकत घेण्याचा विचार लेखकाने सोडून दिला. तिची जागा त्याच घरात आहे असं त्याचं मत आहे, आणि माझंही.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी, माळ्यावर, ट्रंकेत जुना लष्करी कोट, पगडीचं कापड, पट्टा, बटण असं काही असेल तर ते कोणाला दाखवण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्क माणसाजवळ बसा. हे कोणाचं, एवढंच विचारा, पुढे काही सुचवू नका. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या, खाली तारीख घाला, त्यांची सही किंवा अंगठा घ्या, आणि तो कागद कोटाच्या खिशात ठेवा. बोहारणीला देऊ नका. आणि दिवाळीत कितीही मोह झाला तरी धुऊ नका.